ठसका: ब्रेनस्टेमजवळच्या एका दुर्मीळ सिस्टचं प्रकरण

आटपाडी तालुक्यातल्या एका वस्तीवरची ही मुलगी सांगलीत माझ्या ओपीडीत आली तेव्हा साडेचार वर्षांची होती. आली ती आजीच्या कडेवर. एवढं मोठं मूल कडेवर आलं की मी आधी त्याला खाली उतरवायला सांगते. आजींनी उतरवलं. पोरगी चार पावलं चालली, डावीकडे झोकांडली आणि टेबलाचा पाय धरून उभी राहिली. डावा डोळा नाकाकडे वळलेला होता आणि नीट दिसावं म्हणून तिनं चेहराच किंचित डावीकडे फिरवून धरला होता.

"म्याडम, पाणी पिताना ठसकतीया. नाकातनं येतंया पाणी," आजी म्हणाल्या. "भाकरी कुस्करून दिली की खाती. दूधभात खाती. पाण्याला तेवढी भितीया."

घट्ट घास उतरतो आणि पाणी अडतं, हे ऐकायला उलटं वाटतं. अन्ननलिकेत अडथळा असेल तर आधी घट्ट पदार्थ अडतात. गिळण्याच्या नसा कमजोर झाल्या तर मात्र आधी पाणी फसवतं, कारण ते वेगानं घशात उतरतं आणि तेवढ्या वेळात टाळू वर उचलली जात नाही, श्वासनलिकेचं दार बंद होत नाही. मी चमच्यानं पाणी दिलं. पहिला चमचा गेला. दुसऱ्याला ती ठसकली आणि डाव्या नाकपुडीतून पाण्याचा ओघळ आला. 'आ' करायला लावलं तर टाळूची डावी बाजू हलेना, पडजीभ उजवीकडे ओढली जात होती. रडताना डावा डोळा पुरता मिटत नव्हता, तोंड उजवीकडे जात होतं. उजव्या तळपायावर किल्लीचं टोक फिरवलं तर अंगठा वर गेला. या वयात तो खाली जायला हवा.

डाव्या बाजूचा चेहरा आणि उजव्या बाजूचं अंग, अशी फुली पडली की लक्ष एकाच जागी जातं. हातापायांकडे जाणारे मुख्य तंतू ब्रेनस्टेमच्या, म्हणजे मेंदूच्या देठाच्या, अगदी खालच्या टोकाला बाजू बदलतात. चेहरा, डोळा आणि घसा यांच्या नसा मात्र आपापल्या बाजूलाच बाहेर पडतात. तेव्हा बिघाड ब्रेनस्टेममध्ये, डाव्या अंगाला, हे तपासणीच्या टेबलावरच कळलं होतं. मेंदूचा हा देठ मोठ्या माणसातही अंगठ्याएवढा जाड असतो. श्वास, नाडी, रक्तदाब, जाग आणि गिळणं सगळं त्याच्याच ताब्यात असतं. मेंदूच्या नसांच्या बारा जोड्यांपैकी दहा तिथूनच निघतात. साडेचार वर्षांच्या मुलीत ही जागा किती अरुंद असेल, याचा विचार केला की आजही माझा हात जरा थांबतो.

आजींनी पिशवीतून एमआरआयची फिल्म काढली. पंधरा दिवसांपूर्वी दुसऱ्या गावी काढलेला तो एमआरआय होता. रिपोर्टात 'पॉन्समध्ये गाठ, डिफ्यूज ब्रेनस्टेम ग्लायोमाची शक्यता' असं लिहिलं होतं. पॉन्स म्हणजे ब्रेनस्टेमचा मधला भाग, आणि हा ग्लायोमा म्हणजे त्यात पसरत जाणारा कॅन्सर. त्या कागदावरून कुणीतरी वडिलांना सांगून टाकलं होतं, ऑपरेशन होत नाही, रेडिएशन द्या, आठ-नऊ महिने मिळतील. वडील गलाईच्या धंद्यात, तमिळनाडूतल्या एका गावात. विटा-आटपाडीकडची निम्मी घरं अशीच सोन्या-चांदीच्या भट्टीमागं देशभर पांगलेली असतात. आई धाकट्या बाळाला घेऊन तिकडंच, आणि ही थोरली आजी-आजोबांजवळ. निरोप मिळाल्यावर वडील दुकानाला कुलूप लावून निघाले होते.

मुलांमध्ये पॉन्सची गाठ दिसली की हे निदान पहिल्यांदा मनात येणं चूक नाही, हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे. मुलांमधल्या ब्रेनस्टेम ग्लायोमांत हाच प्रकार सर्वांत जास्त आढळतो. साधारण पाच ते दहा वर्षांच्या मुलांना होतो, डोळा तिरका, तोल जाणं आणि हातापायांची ताकद कमी होणं असं त्रिकूट घेऊन येतो, आणि रेडिएशन देऊनही निम्म्याहून जास्त मुलं वर्षभरात जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात तो गाठीच्या पेशींतल्या एच३ के२७ या बदलाच्या नावानं ओळखला जातो. या मुलीत ते त्रिकूट होतं. त्यामुळे रिपोर्ट लिहिणाऱ्यावर माझा राग नाही. माझी तक्रार पुढच्या पायरीबद्दल आहे. 'शक्यता' हा शब्द कागदावरून घरापर्यंत पोचेस्तोवर 'निकाल' झाला होता, आणि मधल्या कुणीही आजींना बसवून पहिल्यापासून विचारलं नव्हतं.

मी विचारलं, हे सगळं कधीपासून?

"आताचं म्हणताय का पहिलं?" आजी म्हणाल्या.

पहिलं, मधलं आणि आताचं

या एका वाक्यावर प्रकरण फिरलं, म्हणून त्यानंतरचा अर्धा तास सविस्तर सांगते.

आजींच्या म्हणण्याप्रमाणे पोर अडीच वर्षांची असताना तिचा डोळा असाच फिरला होता आणि तोंड वाकडं झालं होतं. वस्तीवर सगळ्यांनी ठरवलं, वारं लागलं. तेल चोळलं, खरसुंडीच्या सिद्धनाथाला नवस बोलला. तीन आठवड्यांत डोळा सरळ झाला. मग साडेतीन वर्षांची असताना सणकून ताप, उलट्या, मान ताठ. तेव्हा सहा दिवस दवाखान्यात ठेवलं, मेंदूज्वर म्हणून औषधं दिली, बरी झाली. त्याही वेळी चालताना महिनाभर झोकांड्या जात होत्या. आणि आता हे तिसऱ्यांदा.

आठवण म्हणजे पुरावा नव्हे, हे मी जाणते. आजारी मुलाच्या घरात मागच्या गोष्टी नव्या दुःखाच्या उजेडात दिसतात. म्हणून मी कागद मागितले. आजोबा दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं परत गेले आणि संध्याकाळी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात दोन गोष्टी सापडल्या. अंगणवाडीत मुलांच्या तपासणीला आलेल्या पथकानं दिलेली चिठ्ठी होती. तिच्यावर तारीख होती आणि 'डावा डोळा तिरळा, नेत्रतज्ज्ञांना दाखवावे' असा शेरा होता. डोळा आपोआप सरळ झाला म्हणून ती चिठ्ठी तशीच डब्यात राहिली होती. दुसरं होतं त्या सहा दिवसांचं डिस्चार्ज कार्ड. पाठीतल्या पाण्यात पेशी वाढलेल्या, साखर फारशी कमी नाही, कल्चरमध्ये जंतू उगवला नाही, असं त्यावर लिहिलेलं. आणि तिसरा पुरावा डब्यात नव्हता, आजींच्या फोनमध्ये होता. जत्रेतला फोटो, पोर चुलत्याच्या खांद्यावर, हातात पिपाणी. फोटो मोठा करून पाहिला. डावा डोळा आत वळलेला आणि हसताना तोंड उजवीकडे ओढलेलं. फोटोखाली तारीख, बरोबर दोन वर्षांपूर्वीची.

डिफ्यूज ग्लायोमाचं मूल बहुतेक वेळा काही आठवड्यांच्या, फार तर दोन-तीन महिन्यांच्या तक्रारी घेऊन येतं. तो आजार दोन वर्षं दबा धरून बसत नाही, आणि औषधाशिवाय पूर्ण ओसरून तर जवळपास कधीच जात नाही. पहिल्या एमआरआयनंतर स्टेरॉइड सुरू केलं होतं आणि त्यानं चार दिवस बरं वाटलं होतं. पण स्टेरॉइडनं कुठल्याही गाठीभोवतीची सूज उतरते, त्यावरून गाठीची जात कळत नाही. इथे मात्र स्टेरॉइड मिळण्याच्या कितीतरी आधी, नुसत्या तेलावर आणि नवसावर दोन झटके विरून गेले होते.

म्हणजे भरणारी आणि ओसरणारी काहीतरी वस्तू तिथे होती.

आमच्या भागात अशा वस्तूंची यादी मोठी आहे आणि ती नीट तपासावी लागते. टीबीची गाठ असू शकते. फीतकृमीच्या अळीची गाठ, म्हणजे न्यूरोसिस्टिसरकोसिस, शाकाहारी घरातही होते, कारण अंडी न धुतलेल्या भाजीतून आणि अस्वच्छ हातांतून येतात. आटपाडी म्हणजे मेंढरांचा मुलूख. कुत्री आणि मेंढ्या एकत्र असतात तिथे हायडॅटिडची, म्हणजे कुत्र्यांच्या फीतकृमीपासून होणारी, पाण्याची गाठ मनात धरावीच लागते. जन्मतः हृदयदोष असलेल्या मुलांत मेंदूत पू धरू शकतो. छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, हृदयाची इको, टीबीच्या चाचण्या, सगळं साफ आलं. अंगणवाडीच्या कार्डावर वजनाची रेघ मात्र पाच महिने आडवी झाली होती. १३ किलो २०० ग्रॅम.

दुसरा एमआरआय

पहिल्या फिल्मा रेडिओलॉजिस्टबरोबर बसून परत पाहिल्या. पोर यंत्रात हलली होती, बऱ्याच चित्रांना दुहेरी कडा होत्या. कॉन्ट्रास्ट, म्हणजे गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध, दिलेलं नव्हतं. पॉन्स फुगलेला दिसत होता, पण फुगलेला की दाबलेला, हे त्या चित्रांवरून ठरवता येत नव्हतं. मिरजेत भूल देऊन ३ टेस्लाच्या यंत्रावर पुन्हा एमआरआय केला, एक मिलिमीटरहून पातळ कापांसह.

आता चित्र स्वच्छ आलं. पॉन्स आणि त्याच्या खालचा भाग, मेड्युला, जिथे जुळतात तिथे, डाव्या पुढच्या अंगाला, २२ मिलिमीटरची गुळगुळीत कडेची सिस्ट, म्हणजे द्रवानं भरलेली पिशवी. ब्रेनस्टेम तिनं एका बाजूला खोलवर दाबला होता. ग्लायोमा पॉन्सच्या आत पसरतो आणि समोरून जाणाऱ्या बॅसिलर धमनीला कवेत घेतो. इथे धमनी उजवीकडे सरकली होती, पण पूर्ण मोकळी होती. कॉन्ट्रास्टनंतर सिस्टची कड उजळली नाही. म्हणजे टीबी, पू आणि बहुतेक ट्यूमर मागे पडले. आतलं द्रव मेंदूभोवतीच्या पाण्यासारखं असतं तर साधी अरॅक्नॉइड सिस्ट म्हटली असती, पण एमआरआयच्या टी१ प्रकारच्या चित्रात ते त्या पाण्याहून उजळ होतं, म्हणजे प्रथिनांनी दाट. एपिडर्मॉइड सिस्ट डिफ्यूजनच्या चित्रात दिव्यासारखी लखलखते, ही लखलखली नाही. फीतकृमीच्या गाठीत अळीच्या डोक्याचा ठिपका दिसतो, तोही नव्हता.

राहिलं एक नाव: न्यूरेंटेरिक सिस्ट. मेंदूत सापडणारी आतड्याच्या किंवा श्वासनलिकेच्या अस्तराची पिशवी. मणक्यातला असा प्रकार १९२८ मध्येच कुबी आणि फुल्टन या संशोधकांनी वर्णन केला होता. गर्भ तिसऱ्या आठवड्यात असताना पाठीचा कणा होणारा भाग आणि आतडं होणारा थर काही काळ एकमेकांना चिकटून असतात, त्यांच्यात एक छोटी नळीही तयार होते. पुढे ते सुटे होतात. सुटताना आतल्या थराच्या चार पेशी भलत्या बाजूला राहिल्या, तर त्या आपला स्वभाव सोडत नाहीत. त्या बुळबुळीत स्राव करत राहतात. बहुतेक अशा सिस्ट मणक्यात सापडतात. डोक्यात सापडणाऱ्या फार थोड्या, आणि त्यातल्या बऱ्याच नेमक्या ब्रेनस्टेमच्या पुढ्यात, कारण गर्भातली कण्याची दोरी तिथपर्यंत पोचलेली असते. मुलांमधल्या तर आणखी विरळ. सत्तावीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी पाहिलेली ही पहिलीच.

आणि आता तिन्ही पुरावे एका सुतात बसले. पिशवी भरली की नसा दबतात, डोळा फिरतो. थोडी झिरपली की दाब उतरतो, डोळा सरळ. झिरपलेला स्राव मेंदूच्या आवरणाला चुरचुरतो, तेव्हा ताप येतो, मान ताठ होते आणि पाठीच्या पाण्यात पेशी दिसतात. जंतू मात्र उगवत नाही, कारण तो नसतोच. साडेतीन वर्षांची असतानाचा 'मेंदूज्वर' बहुधा हाच होता. अशा सिस्टबरोबर मणक्यांची ठेवण कधी कधी बिघडलेली असते, दुसरी सिस्टही असू शकते, म्हणून संपूर्ण कण्याचाही एमआरआय त्याच भुलीत करून घेतला. तिथे काही नव्हतं.

पक्कं निदान सूक्ष्मदर्शकाखालीच होणार होतं. पण रेडिएशनचा कागद त्या दिवशी बाजूला ठेवला.

वडिलांशी बोलणं

आमच्या न्यूरोसर्जननी वडिलांना समोर बसवून कागदावर चित्र काढलं. सुईनं नुसतं पाणी काढता येईल, पण अस्तर स्राव करतच राहणार, पिशवी परत भरणार. थांबून बघता आलं असतं, जर पोर नीट गिळत असती तर. पाणी श्वासनलिकेत जातंय, आज ना उद्या न्यूमोनिया होणार. तेव्हा उघडून, पिशवी रिकामी करून, अस्तर जमेल तेवढं काढणं. त्यांनी धोकेही एकेक करून सांगितले: चेहऱ्याची कमजोरी वाढू शकते, गिळणं काही दिवस आणखी बिघडू शकतं, गळ्याला भोक पाडून नळी ठेवावी लागू शकते, जीव जाऊ शकतो.

वडिलांनी एकच विचारलं. "ते आठ-नऊ महिने म्हणाले होते. ते खरं का हे खरं?"

सर्जन म्हणाले, "कॅन्सर असावा असं मला वाटत नाही. लिहून देतो. पण हे ऑपरेशन सोपं आहे असं मात्र लिहून देणार नाही."

घरात पिवळं रेशनकार्ड होतं. आरोग्यमित्रानं महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत कागद चढवले आणि मंजुरी आली. मधल्या आठ दिवसांत नाकातून नळी टाकून दूध, अंडं, भरड चालू केली. ठसका थांबला तशी रात्रीची झोप परत आली आणि वजन सहाशे ग्रॅमनं वाढलं.

टेबलावर

नसांवर लक्ष ठेवणारं यंत्र आणि ते चालवणारा तंत्रज्ञ पुण्याहून बोलावले होते. त्यानं केसासारख्या सुया डोळ्याभोवती, ओठाच्या कडेला, जिभेत आणि खांद्याच्या स्नायूत बसवल्या. श्वासाच्या नळीवरच्या पट्ट्या स्वरतंतूंना टेकल्या होत्या. नसेला कुठं धक्का लागला की स्पीकरमधून करकर ऐकू येते. स्नायूंनी उत्तर द्यायला हवं, म्हणून भूलतज्ज्ञांना स्नायू सैल करणारं औषध चालू ठेवता येत नाही. सगळी भूल शिरेतून, थेंबाथेंबानं. चौदा किलोच्या मुलीच्या अंगात रक्त जेमतेम लिटरभर असतं. एक छोटा तांब्या. शंभर मिली सांडलं तरी दहावा हिस्सा गेला. त्यामुळे कापसाचा प्रत्येक बोळा वजन करून ठेवला जात होता.

उजव्या कुशीवर झोपवून डाव्या कानामागे छेद घेतला. पावलीएवढं हाड काढलं, आवरण उघडलं, आणि सर्जन सगळ्यात आधी खालच्या बाजूनं मेंदूचं पाणी वाहू द्यायला लागले. दहा मिनिटं नुसतं पाणी वाहत होतं, कुणी काही बोलत नव्हतं. पाणी उतरलं की छोटा मेंदू आपसूक मागे सरतो, त्याला पट्टीनं ओढावं लागत नाही. ही दहा मिनिटं वाचवायला जाऊ नये, असं ते शिकाऊ डॉक्टरांना नेहमी सांगतात.

सूक्ष्मदर्शकात चेहऱ्याची आणि कानाची नस वर, गिळण्याच्या नसा खाली, सुताच्या पांढऱ्या धाग्यांसारख्या. त्यांच्या मधल्या फटीतून निळसर-पांढरी पिशवी डोकावत होती. धागे तिच्यावर ताणून चपटे झाले होते. सर्जननी भोवती ओल्या कापसाच्या पट्ट्या रचल्या, कारण आतलं सांडलं तर तोच चुरचुरता स्राव पुन्हा आवरणात पसरणार होता. मग बारीक सुई. सिरिंजमध्ये आलं ते तांदळाच्या पेजेसारखं, दाट, पांढुरकं. पिशवी बसली आणि समोरच्या पडद्यावर ब्रेनस्टेम हळूहळू आपल्या जागी येताना दिसला. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

अस्तर सोलायला दोन तास लागले. नसांवरून ते कांद्याच्या पापुद्र्यासारखं सुटत गेलं. अगदी आतल्या बाजूला, मेड्युलाला टेकलेला तुरीच्या डाळीएवढा तुकडा सुटेना. सर्जननी चिमट्यानं अलगद उचलला आणि भूलतज्ज्ञ म्हणाल्या, "पल्स!" ११८ वरून ६२. सर्जननी हात उचलला. काही सेकंदांत नाडी परत वर. गरम सलाईन सोडलं, पाच मिनिटं थांबले, दुसऱ्या कडेनं पुन्हा प्रयत्न. पुन्हा ६५.

इथे कुणालाही मोह होतो. सगळं अस्तर निघालं तर सिस्ट परत येण्याची भीती बरीच कमी होते, आणि पहिल्या ऑपरेशनइतकी स्वच्छ जागा दुसऱ्या वेळी कधीच मिळत नाही. पण नाडी घसरते ती उगीच नाही. हृदयाला सावकाश चालवणाऱ्या केंद्राला ओढ लागलेली असते. जाळून टाकावं म्हटलं तर विजेची उष्णता त्या तुकड्याखालच्या मेड्युलात जाणार. सर्जन दोन मिनिटं सूक्ष्मदर्शकातून नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "राहू दे एवढं."

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय हाच होता, आणि तो बरोबर होता. साध्या सिस्टचा उरलेला तुकडा दहा वर्षांनी वाढला तर दहा वर्षांची नवी साधनं हाताशी असतील. त्या तुकड्यासाठी आज गमावलेलं गिळणं परत आणता येत नाही.

नंतर

रात्रभर व्हेंटिलेटरवर ठेवली. सकाळी नळीतून कफ ओढताना तिला जोराचा खोकला आला आणि आयसीयूतली सिस्टर आनंदानं ओरडली, कारण खोकला म्हणजे श्वासनलिकेचा पहारेकरी जागा. नळी काढली. आवाज बसलेला, घोगरा. पहिला शब्द "आज्जे".

डावा चेहरा आधीपेक्षा जास्त पडला होता. वडील ते बघून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आम्ही आधी सांगितलं होतं, पण सांगितलेलं आणि दिसलेलं यांत फरक असतोच. डोळा मिटत नाही तोवर बुबुळ कोरडं पडून त्यावर फूल पडू शकतं, म्हणून दिवसा दर दोन तासांनी थेंब, रात्री मलम आणि कागदी टेप. हे काम आजींनी अंगावर घेतलं आणि त्यात एकदाही खाडा झाला नाही. सहाव्या दिवशी ताप आला, मान जराशी ताठ. सिटी स्कॅन करून मग पाठीचं पाणी तपासलं. पेशी होत्या, जंतू नव्हता. कल्चर येईपर्यंत प्रतिजैविकं दिली, मग थांबवली. स्टेरॉइड हळूहळू कमी करत नेलं तसा ताप गेला. जखमेतून मेंदूचं पाणी झिरपलं नाही.

गिळण्यासाठी उलटा क्रम लावला: आधी दाट, शेवटी पातळ. दहाव्या दिवशी नाचणीची घट्ट खीर, अर्धा चमचा, हनुवटी छातीकडे वाकवून, आणि प्रत्येक घासानंतर "आ म्हण". आवाज ओला आला की थांबायचं. मग वरणात कुस्करलेला भात, मग दही. नळी निघाली एकोणिसाव्या दिवशी. साधं पाणी तिनं चोवीसाव्या दिवशी प्यायलं, वाटीनं, ठसका न लागता.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट तिसऱ्या आठवड्यात आला. सूक्ष्मदर्शकाखाली अस्तराला उभट पेशींची एकच रांग, काहींना बारीक केसर, मध्ये मध्ये स्रावानं फुगलेल्या पेशी. अशा अस्तराच्या खुणा असलेले सीके७ आणि ईएमए पॉझिटिव्ह. मेंदूच्या पेशींची खूण असलेलं जीएफएपी निगेटिव्ह. कुठेही कॅन्सरची पेशी नाही. न्यूरेंटेरिक सिस्ट. मी तो कागद वडिलांच्या हातात दिला आणि 'कॅन्सर नाही' या ओळीखाली पेनानं रेघ मारली. त्यांनी त्याची झेरॉक्स काढून त्याच बिस्किटांच्या डब्यात ठेवली.

एमआरआय तीन महिन्यांनी, मग सहाव्या महिन्यात, मग वर्षानं. उरलेला तुकडा चौदाव्या महिन्यापर्यंत तेवढाच आहे, मोजून पाहिला. चेहरा चार महिन्यांत बऱ्यापैकी सुधारला, डोळा पूर्ण मिटतो. तिरळेपणा थोडा उरला आहे. चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी चालू आहे, आणि सहा महिन्यांत सरळ झाला नाही तर डोळ्याच्या स्नायूचं छोटं ऑपरेशन करू असं नेत्रतज्ज्ञ म्हणतात. उजवा पाय पळताना किंचित ओढला जातो. अशा सिस्ट कित्येक वर्षांनीही परत भरल्याच्या नोंदी आहेत, म्हणून वर्षाला एक एमआरआय ती मोठी होईपर्यंत चुकवायचा नाही. डोळा फिरला, पाण्याला ठसका लागला किंवा तापात मान ताठ झाली तर तारखेची वाट न बघता यायचं. हे मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं आहे, म्हणजे पुढच्या वेळी गावातल्या डॉक्टरांनाही दाखवता येईल.

मागच्या भेटीला ती स्वतः चालत आली. वजन १७ किलो. शाळेत नाव घातलंय. तपासणी चालू असताना तिनं माझ्या टेबलावरचा स्टीलचा पेला उचलला आणि घटाघटा पाणी प्यायली. आजी बोलता बोलता गप्प झाल्या. पेला रिकामा होऊन टेबलावर टेकेपर्यंत त्या तिच्या गळ्याकडे बघत होत्या, मग पदरानं तिचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "हां, कुठवर आल्ती मी सांगत?"